मार्च एंडला दुकानाचा हिशोब कसा बंद करायचा: गावात नवीन दुकान टाकलेल्यांसाठी

दरवर्षी होळी झाली की मला फोन सुरू होतात. गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या भागात बऱ्याच पोरांनी दुकानं टाकली, कोणाचं कृषी केंद्र, कोणाचं हार्डवेअर, कोणाचं किराणा, आणि पहिला मार्च आला की सगळ्यांचा प्रश्न एकच, "दादा, सीए म्हणते क्लोजिंग स्टॉक पाठवा, किती टाकू?" हे "किती टाकू" ऐकलं की मला खरंच काळजी वाटते. क्लोजिंग स्टॉक म्हणजे वर्षाच्या शेवटी शिल्लक राहिलेला माल, तो टाकायचा नसतो भाऊ, मोजायचा असतो. गोदामातला माल, गल्ल्यातली रोकड, बँकेतला बॅलन्स आणि लोकांकडची उधारी, ह्या चार गोष्टी ३१ मार्चच्या रात्री प्रत्यक्षात जेवढ्या आहेत तेवढ्याच वहीत दिसल्या पाहिजेत, बाकी सगळं काम ह्याच्या मागून येते.

माझं कृषी केंद्र यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात आहे, १६ वर्षं झाली. म्हणून उदाहरणं माझ्या धंद्यातली देतो, तुमचं किराणा किंवा हार्डवेअर असेल तर मालाची नावं बदला, पद्धत तीच राहते.

एक आधी समजून घ्या. पूर्वी व्यापारी वर्ष दिवाळीपासून धरायचे, वहीपूजन झालं की नवीन खातं. आयकरासाठी सगळ्यांना ३१ मार्चचं एकच वर्ष झालं ते १९८९-९० च्या करनिर्धारण वर्षापासून. आपल्या भागातला धंदा मात्र अजूनही मृगापासून मृगापर्यंत चालतो. ३१ मार्चला कापूस बहुतेक विकलेला असतो, पण तुरीचे पैसे कोणाचे आले कोणाचे नाही, चणा खळ्यावर आहे, आणि आपली उधारी अर्धीमुर्धी बाकी. म्हणजे हिशोब नेमका अशा वेळी बंद करायचा असतो जेव्हा आपला पैसा लोकांच्या वावरात असतो, त्यामुळे कागदावर नफा दिसतो आणि हातात काहीच नसते. हे पहिल्या वर्षी कळलं नाही तर माणूस घाबरून जातो.

कामाला १५ मार्चपासून लागा

३१ ला सुरुवात केली तर होत नाही. १५ मार्चच्या आसपास दोन कामं करा. पहिलं, ज्यांच्याकडून माल घेता त्या प्रत्येक डिस्ट्रिब्युटरला आणि कंपनीला व्हॉट्सॲपवर मेसेज टाका की आमचा खातेउतारा पाठवा, १ एप्रिलपासून आजपर्यंतचा. तो आला की पेन्सिल घेऊन बसा आणि आपल्या वहीतल्या एकेका नोंदीसमोर टिक करत जा. फरक निघतोच. आपण चेक दिला त्यांनी चढवला नाही, त्यांनी स्कीमची क्रेडिट नोट (आपल्या खात्यात रक्कम जमा केल्याचा कागद) टाकली आपल्याला माहीतच नाही, रेट डिफरन्स राहिला, माल परत गेला पण त्याची क्रेडिट नोट आली नाही. आपल्या धंद्यात कमाई बिलाच्या मार्जिनमधे थोडी आणि स्कीममधे जास्त असते, म्हणून क्रेडिट नोटचा पाठपुरावा आता केला नाही तर एप्रिलमधे कंपनीचा माणूस बदलतो आणि नवीन माणूस म्हणतो मला काही माहीत नाही.

दुसरं म्हणजे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कंपन्यांचं टारगेट असते आणि न मागता बिलं फाडली जातात. बिल ३० मार्चचं, गाडी ३ एप्रिलला. असं बिल आलं तर आधी विचारा आपण ऑर्डर दिली होती का. दिली नसेल तर त्याच दिवशी लेखी कळवा. दिली असेल तर ती खरेदी ह्या वर्षात आणि तो माल "वाटेतला माल" म्हणून क्लोजिंग स्टॉकमधे, दोन्ही एकत्र. नुसती खरेदी धरली आणि माल मोजला नाही (कारण तो गोदामात नव्हताच) तर तेवढा नफा खोटा कमी होतो, आणि पुढच्या वर्षी तोच खोटा वाढून बसतो.

माल मोजणे

इथे घाई करू नका. ३१ तारखेला दुकान अर्धा दिवस बंद ठेवावं लागलं तरी ठेवा, मार्चमधे आपल्याकडे गिऱ्हाईक तसंही कमी असते. सकाळी लवकर सुरू करा कारण टिनाचं गोदाम ११ वाजल्यानंतर तापते आणि माणूस मोजायचं सोडून अंदाज करायला लागतो. दोघं पाहिजे, एक मोजणारा एक लिहिणारा, आणि लिहिणाऱ्याच्या हातात कॉम्प्युटरमधला स्टॉक नको. आकडा समोर दिसला की मोजणाऱ्याचाही तोच आकडा येतो, मी हे अनुभवलं आहे.

खताची थप्पी बाहेरून मोजून गुणाकार करू नका, आतून बॅगा काढलेल्या असतात, एखादी फाटलेली असते. युरियाची बॅग ४५ किलोची, डीएपीची ५० किलोची, म्हणून नग लिहा आणि बाजूला वजन पण लिहा. मग हा आकडा पॉस मशीनमधल्या (शेतकऱ्याचा अंगठा घेऊन खत विकायचं मशीन) स्टॉकशी जुळवा. जुलै-ऑगस्टच्या गर्दीत बॅग आधी दिली आणि अंगठा नंतर घेऊ म्हणून राहून गेलं की मशीनमधे स्टॉक दिसतो आणि गोदामात नसतो. ही गोष्ट तपासणीला आलेल्या कृषी अधिकाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत दिसते आणि प्रश्न लायसनवर येतो. फरक निघाला तर वहीत दडवू नका, कारण शोधा.

औषधाच्या बाटल्या मोजताना प्रत्येकीची तारीख पाहा. मुदत संपलेलं औषध विकता येत नाही, ते वेगळ्या जागी "मुदत संपलेलं" लिहून ठेवावं लागते, आणि क्लोजिंग स्टॉकमधे पूर्ण किमतीने धरता येत नाही. कंपनी परत घेणार असेल तर लेखी घ्या. घेणार नसेल आणि नष्टच करायची वेळ आली तर त्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर दिलेला जीएसटी, जो आपण आपल्या भरण्यातून वजा करतो) परत करावं लागते, हे बरेच जण विसरतात. बियाण्याचं तसंच, कापसाचं बियाणं मेमधे येते म्हणून मार्चला नसते, पण रब्बीचा उरलेला चणा, गहू, भाजीपाल्याची पाकिटं असतात. ती पुढच्या हंगामापर्यंत चालणार आहेत का ते पाकिटावर वाचा.

आता भाव कोणता लावायचा. खरेदीची किंमत किंवा आज विकून जेवढे येतील ते, दोन्हीपैकी जे कमी ते. एमआरपी अजिबात नाही. आणि जीएसटीचं क्रेडिट घेत असाल तर जीएसटी सोडून किंमत लावायची. कीटकनाशकावर १८ टक्के आहे, म्हणजे जीएसटीसकट ५९० ला पडलेली बाटली स्टॉकमधे ५०० ने धरायची. खतावर ५ टक्के, पेरणीच्या बियाण्यावर काहीच नाही.

हे एवढं रगडून काहून सांगून राहिलो, ते ह्या हिशोबात पाहा. वर्षाच्या सुरुवातीचा माल ६ लाख ४० हजार, वर्षभराची खरेदी ५२ लाख, विक्री ५४ लाख ८० हजार, शेवटचा माल ८ लाख १० हजार. सुरुवातीचा माल अधिक खरेदी वजा शेवटचा माल म्हणजे ५० लाख ३० हजाराचा माल विकला गेला, आणि ढोबळ नफा ४ लाख ५० हजार. आता शेवटचा माल अंदाजाने एक लाख जास्त लिहिला तर नफा सरळ साडेपाच लाख होतो, न कमावलेल्या एक लाखावर तुम्ही टॅक्स भरता. एक लाख कमी लिहिला तर नफा साडेतीन लाख, आणि पुढे कोणी विचारलं की तुमचा नफ्याचा टक्का ह्या वर्षी एकदम काहून पडला तर उत्तर नसते. अख्ख्या वर्षाचा नफा ह्या एका आकड्यावर उभा आहे.

कॅश क्रेडिटचं (सीसी, म्हणजे मालावर बँक देते ते फिरतं कर्ज) खातं असेल तर बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देता, मार्चचं स्टेटमेंट ह्याच मोजणीवरून द्या. लिमिट वाढवायला बँकेत मोठा आकडा आणि टॅक्ससाठी छोटा आकडा, हे मी लोकांना करताना पाहिलं आहे आणि दोन्ही कागद एका टेबलावर आले तेव्हा त्यांची काय अवस्था झाली ते पण पाहिलं आहे.

रोकड आणि बँक

३१ ला रात्री गल्ला मोजा, ५०० च्या किती, २०० च्या किती, चिल्लर किती, कागदावर लिहून सही करा आणि तो कागद फाईलला लावा. वहीतली रोकड आणि गल्ला जुळत नसेल तर बहुतेक वेळा कारण घरच असते. पोराची फी, दवाखाना, लग्नाचा आहेर, सगळं गल्ल्यातून जाते आणि लिहिलं जात नाही. ते "घरखर्च उचल" म्हणून मालकाच्या भांडवलातून वजा होते, दुकानाचा खर्च नाही. वर्षात एखाद्या दिवशी वहीत रोकड मायनस दिसत असेल तर नक्की काहीतरी राहिलं आहे, तो दिवस शोधून काढा.

आपल्या भागात अजून एक गोष्ट होते. घरची शेती असते आणि कापसाचे, सोयाबीनचे पैसे दुकानाच्याच करंट खात्यात येतात. ती दुकानाची विक्री नाही. शेतीचं उत्पन्न वेगळं दाखवायचं असते, त्यासाठी सातबारा आणि बाजार समितीची पट्टी किंवा सीसीआयची (सरकारी कापूस खरेदीची) पावती जपून ठेवा, आणि पुढच्या वर्षीपासून त्यासाठी सेव्हिंग खातंच वेगळं करा.

रोखीचे तीन नियम भिंतीवर लिहून ठेवा. एका माणसाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख खर्च दिला तर तो खर्च टॅक्समधे धरत नाहीत. २० हजार किंवा त्याच्या वर उसने पैसे रोखीने घ्यायचे नाहीत. आणि एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, २ लाख किंवा त्याच्या वर रोख घ्यायची नाही, शेतकरी कापूस विकून थैलीत पैसे घेऊन आला तरी. त्याला प्रेमाने सांगा काका, बँकेतून टाका.

बँकेचं स्टेटमेंट १ एप्रिल ते ३१ मार्च पूर्ण काढा आणि वहीशी जुळवा. फरक ठरलेले असतात: दिलेला चेक वटला नाही, बँकेचे चार्जेस लिहिले नाही, सीसीचं मार्चचं व्याज ३१ ला कापलं गेलं, क्यूआर कोडवर ३१ ला रात्री आलेले पैसे १ किंवा २ एप्रिलला जमा झाले. १ एप्रिलला बँका क्लोजिंगसाठी गिऱ्हाइकाला बंद असतात, त्यामुळे चेक टाकायचा असेल तर आधीच टाका.

उधारी, आणि इथे माझ्या हातून झालेली चूक

उधारीची यादी काढा, नाव, गाव, रक्कम, कधीची. मग तीन ढीग करा, ह्या खरिपाची, मागच्या वर्षीची, आणि त्याच्या आधीची. यादी काढून थांबू नका, प्रत्येकाशी बोलून रक्कम कबूल करून घ्या आणि वहीवर सही किंवा अंगठा घ्या.

सहा-सात वर्षांपूर्वी मी यादी काढली आणि बारा हजार बाकी दिसत होते म्हणून एका शेतकऱ्याला बाजाराच्या दिवशी चार लोकांसमोर मागितले. तो काही बोलला नाही, घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन आला, माझ्या लहान भावाच्या हातची. पैसे त्याने संक्रांतीतच दिले होते, भावाने घेतले, गल्ल्यात टाकले आणि वहीत लिहायचं राहिलं. मी माफी मागितली, पण तो माणूस नंतर माझ्या दुकानात आला नाही, आणि त्याला मी दोष देत नाही. तेव्हापासून माझ्याकडे पावती पुस्तकाशिवाय एक रुपया घेतला जात नाही आणि मार्चमधे पैसे मागायच्या आधी मी विचारतो, "काका, माझ्या वहीत एवढे दिसून राहिले, तुमच्याकडे काय आहे?"

सहीचा कायद्यानेही उपयोग आहे. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करायची मुदत साधारण तीन वर्षं असते, त्या मुदतीच्या आत समोरच्याने बाकी लेखी कबूल केली तर तिथून मुदत नव्याने मोजतात. ज्यांचं पीक दोन वर्षं गेलं त्यांच्याकडून पैसे निघणार नाहीत हे आपल्याला माहीत असते, पण म्हणून यादीत तसंच ओढत नेऊ नका. येणारच नाही असं खरंच वाटत असेल तर ती रक्कम वहीत "बुडीत" म्हणून काढून टाका, तेव्हाच ती नफ्यातून वजा होते. त्या विक्रीवर भरलेला जीएसटी मात्र परत मिळत नाही.

आता खर्च. मार्चचा पगार एप्रिलमधे देणार, मार्चचं लाईटबिल एप्रिलमधे येणार, गोदामाचं भाडं बाकी, हे सगळं ह्याच वर्षाचं, "देणे बाकी" म्हणून ३१ च्या तारखेला धरा. उलट विम्याचा हप्ता जानेवारीत वर्षभराचा भरला असेल तर नऊ महिन्यांचा भाग पुढच्या वर्षाचा. घसारा (वस्तू जुनी होते म्हणून दरवर्षी कमी धरायची किंमत) सीए काढून देतो, तुम्ही फक्त कोणती वस्तू कधी घेतली त्याचं बिल द्या: कॉम्प्युटरवर ४० टक्के, गाडीवर १५, फर्निचर-रॅकवर १०, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर अर्धा.

जीएसटी जुळवणे

तीन आकडे एका कागदावर लिहा, वहीतली विक्री, जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) मधली विक्री, ३बी (कर भरायचं रिटर्न) मधली विक्री. तिन्ही सारखे पाहिजे. मग खरेदीचं क्रेडिट आणि जीएसटीआर-२बी (माल देणाऱ्यांनी अपलोड केलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) जुळवा. एखादं बिल २बी मधे दिसत नसेल तर डिस्ट्रिब्युटरने अपलोड केलं नाही, त्याच्या मागे लागा. ह्या वर्षाचं राहिलेलं क्रेडिट येत्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येते (वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तिथपर्यंतच), मग गेलं. माल घेऊन १८० दिवस झाले आणि पैसे दिले नसतील तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागते, पैसे दिल्यावर ते परत घेता येते. खरिपाचा माल उधारीवर उचलणाऱ्यांनी हे नक्की तपासा, कारण जूनच्या बिलाचे १८० दिवस डिसेंबरमधेच भरतात. आणि कृषी केंद्रवाल्यांनो, बियाणं करमुक्त आहे, म्हणून भाडं, सीएची फी अशा दोन्हीकडे लागणाऱ्या खर्चावरचं क्रेडिट पूर्ण आपलं नसते, बियाण्याच्या विक्रीच्या प्रमाणात परत करावं लागते. सीएला बियाण्याची विक्री वेगळी काढून द्या.

किराणावाल्यांना पुढच्या वर्षी कंपोझिशनमधे (उलाढालीवर ठराविक टक्क्याने जीएसटी भरायची योजना) जायचं असेल तर अर्ज ३१ मार्चच्या आत, नंतर वर्षभर संधी नाही.

सीएकडे जाताना

सही केलेला मोजणीचा कागद, रोकडीचा कागद, बँक स्टेटमेंट, खातेउतारे, उधारीची यादी, कर्जाचं स्टेटमेंट, घरखर्चाचा आकडा. हे घेऊन गेलात तर एका बैठकीत काम होते.

तिथे एक प्रश्न नक्की विचारा, अंदाजी नफ्याची योजना आपल्याला परवडते का. जुन्या कायद्यात तिला ४४एडी म्हणायचे, १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा आला आणि कलमांचे नंबर बदलले. त्यात उलाढाल २ कोटीपर्यंत असेल तर बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरला की झालं. किराणाला, हॉटेलला हे बरं पडते. पण वरच्या उदाहरणात पाहा, ढोबळ नफा साडेचार लाख, त्यातून पगार ९६ हजार, भाडं ६० हजार, हमाली-वाहतूक ५८ हजार, सीसीचं व्याज ७१ हजार, लाईट २१ हजार ६०० गेले तर उरतात १ लाख ४३ हजार ४००. आणि योजनेत सगळी विक्री बँकेतून आली असं धरलं तरी ६ टक्क्यांनी ३ लाख २८ हजार ८०० नफा दाखवावा लागतो. कृषी केंद्राचं मार्जिनच बारीक असते. वह्या नीट असल्या तर खरा नफा दाखवता येतो, नसल्या तर ह्या योजनेशिवाय रस्ता नाही. आणि एकदा योजना धरून पाच वर्षांच्या आत मधेच सोडली की पुढची पाच वर्षं परत धरता येत नाही, ऑडिटचाही प्रश्न येतो, म्हणून शेजारच्या दुकानदाराने धरली म्हणून आपण धरायची असं करू नका.

ताळेबंद हातात आला की सही करायच्या आधी स्वतः वाचा. माल, रोकड, बँक, उधारी, हे चारही आकडे तुमच्या कागदांशी जुळतात का पाहा. "सस्पेन्स" नावाचं खातं (जुळत नाही ती रक्कम टाकायची जागा) दिसलं तर विचारा त्यात काय आहे.

मग कॉम्प्युटरचा बॅकअप दोन पेनड्राइव्हवर, एक दुकानात एक घरी. पॉस मशीनच्या पावत्यांची अक्षरं वर्षभरात उडून जातात, त्यांची झेरॉक्स काढा. वह्या-बिलं जीएसटीसाठी वार्षिक रिटर्नच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात, तर लोखंडी पेटीत ठेवा, आपल्याकडे वाळवी एका पावसाळ्यात गठ्ठा खाते. व्यवसाय कराचे २,५०० रुपये ३० जूनच्या आत भरा, पेरणीच्या धावपळीत तेच राहून जाते.

१ एप्रिलला बिलाची सिरीज नवीन, एक नंबरपासून. नवीन वहीच्या पहिल्या पानावर कालचे बॅलन्स उतरवा आणि उधारीची ती सही केलेली यादी मागच्या कव्हरला चिकटवा. मेमधे बियाणं आलं की लोक परत उधारी मागायला येतील आणि त्या वेळी कोणाला किती द्यायचं हे ठरवताना समोर तीच यादी लागते.